कॉलेजातले हरवलेले मत

१९८९ हे साल महाराष्ट्रातल्या कॉलेजकुमारांच्या खातेवहीत जमेलाही लागते आणि खर्चालाही. त्या वर्षी २८ मार्चला एकसष्टावी घटनादुरुस्ती अमलात आली, मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले आणि नोव्हेंबरातल्या लोकसभा निवडणुकीत नुकतीच बारावी झालेली मुले बोटाला शाई लावून घरी परतली. त्याच वर्षी कॉलेज निवडणुकांच्या धुमाळीत मुंबईत ओवेन डिसूझा या एनएसयूआयच्या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. देशाने ज्या वयाच्या मुलांवर विश्वास टाकला, त्याच वयाच्या मुलांवरचा राज्याचा विश्वास तिथून उडाला.

पाच वर्षांनी त्याचा कायदा झाला. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने कॉलेजांतल्या खुल्या निवडणुकांचा निकालच लावला. आदल्या वर्षीच्या परीक्षेत जो वर दिसेल तो वर्गप्रतिनिधी. खेळ, राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांतून एकेक जण, प्राचार्य नेमतील तो. दोन विद्यार्थिनी, त्याही प्राचार्यांनीच नेमलेल्या. एवढ्या मंडळींनी आपल्यातून एक सचिव निवडायचा, की झाले विद्यार्थी मंडळ. त्यानंतरच्या काळात नांदेडचा किंवा चिपळूणचा अठरा वर्षांचा मुलगा देशाचे सरकार निवडायला पात्र होता. कॉलेजातल्या पाण्याच्या टाकीबद्दल प्राचार्यांकडे कोणी बोलायचे, हे ठरवायला मात्र नव्हता.

पुढच्या पानांचा विषय हे हरवलेले मत आहे. ते कसे हरवले, ते असताना काय होते, ज्यांनी ते हरवू दिले नाही त्यांनी त्याचे काय केले आणि कायद्याने परत दिल्यावरही ते महाराष्ट्राच्या हाती का लागले नाही, याची थोडी पूर्वपीठिका इथे मांडायची आहे.

ज्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांत महाराष्ट्रात पदवी घेतली त्यांना काही अक्षरांचा उलगडा करून सांगावा लागत नाही. सीआर, एलआर, यूआर, जीएस. सीआर वर्गाचा, एलआर मुलींची, यूआर विद्यापीठात कॉलेजच्या वतीने जाणारा आणि जीएस म्हणजे सगळ्यांच्या वर, गॅदरिंगच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसणारा जनरल सेक्रेटरी. तालुक्याच्या गावी ही पदवी शिक्षणाच्या पदवीपेक्षा जास्त टिकाऊ ठरली. बी.ए. झाला की नाही हे लोक विसरले, पण वाढदिवसाच्या फलकावर ‘माजी जीएस’ राहिला.

हंगाम साधारण जुलैअखेरीस सुरू व्हायचा. प्रवेश उरकलेले, पहिला पाऊस मुरलेला, वर्गात अजून कोण कोणाचा हे ठरायचे असायचे. पॅनल बांधणाऱ्याला तीन गठ्ठे मोजावे लागत: होस्टेलची मुले, गावातली मुले आणि एसटीच्या पासावर रोज ये-जा करणारी मुले. होस्टेल एकगठ्ठा जायचे, कारण तिथे रात्री बोलता येई. एसटीवाल्यांना दुपारच्या गाडीच्या आत गाठावे लागे, म्हणून त्यांचा प्रचार स्टँडवरच व्हायचा. मुलींच्या वर्गखोलीत शिरून भाषण करायची हिंमत नसलेल्या उमेदवारांचे भवितव्य एलआरच्या उमेदवाराच्या हाती असे. टपरीवाल्याकडे वही उघडली जाई आणि निकालानंतर तिचा हिशेब कोणी चुकता करायचा यावर जिंकलेल्या पॅनलमध्येच पहिली फूट पडे.

पत्रके स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर काढली जात. फलक वर्तमानपत्रांच्या उलट्या कागदावर, ब्रश आणि शाईने. ज्याचे अक्षर चांगले तो मुलगा ऑगस्टपर्यंत दोन्ही पॅनलांचा लाडका असायचा, आणि बहुतेकदा तो दोन्हीकडची पत्रके लिहायचाही.

हे सगळे निरागस होते असे कोणी भासवू नये. विद्यापीठ पातळीवरचे मतदार म्हणजे कॉलेजांतून आलेले मोजके प्रतिनिधी. मतदार जितके थोडे, तितके ते फोडणे आणि पळवणे सोपे. त्यामुळे यूआरना मतदानाआधी कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणी ‘सहलीला’ नेणे हा राज्यभर माहीत असलेला उद्योग होता. आमदारांना रिसॉर्टवर नेण्याच्या बातम्या आल्या की जुने जीएस हसतात, ते उगाच नाही. पैसा बाहेरून येई, जीपा बाहेरून येत आणि कधी कधी हॉकीच्या काठ्याही. ज्या प्राचार्यांनी कॉलेजच्या फाटकावर पोलीस व्हॅन उभी राहिलेली पाहिली, त्यांना १९९४ चा कायदा सुटकेसारखा वाटला असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

प्रश्न उपचाराचा होता. रोग पैशाचा, बाहेरच्या हाताचा आणि आडून होणाऱ्या निवडीचा होता. पैशाला मर्यादा घालता आली असती, बाहेरच्यांना फाटकाबाहेर ठेवता आले असते, मोजक्यांच्या मतांऐवजी सगळ्यांचे थेट मत घेता आले असते. यातले काहीच न करता मतदारच काढून टाकले गेले. आणि राजकारण? त्याला तर कॉलेजात राहायला मतदार लागलाच नाही. संघटनांच्या शाखा होत्या, फाटकावरचे फलक होते, प्रवेशाच्या दिवसांत मदत कक्षाची टेबले होती, कुलगुरूंच्या दालनाबाहेरचे ठिय्ये होते. गेला तो साधा विद्यार्थी, ज्याला कुठल्याच संघटनेत जायचे नव्हते पण वर्गातल्या शंभर जणांच्या वतीने चार शब्द बोलायचे होते.

गुणवत्तेच्या नेमणुकीचा दुसराही एक परिणाम झाला, तो काहीसा विनोदी आहे. वर्गात पहिला आलेला मुलगा हा बहुधा विद्यार्थी मंडळावर जायला सर्वांत नाखूश मुलगा असतो. त्याला बोलावून घेतले जाई, सहीसाठी कागद पुढे सरकवला जाई, आणि तो ‘सर, माझा क्लास असतो’ म्हणत सही करून निघून जाई. तो गुणी असे यात वाद नाही. पण ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांनी त्याला काही सांगितलेले नसे आणि त्याने त्यांना काही विचारलेले नसे. गुणपत्रिकेवरून प्रतिनिधी ठरवणे म्हणजे उंचीवरून पोहणारा निवडण्यातला प्रकार.

खरे तर विद्यार्थ्यांनी आपले काम आपण चालवण्याची परंपरा या प्रांतात विद्यापीठापेक्षा जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्याच्या नऊ वर्षे आधी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिची मराठी शाखा ज्ञानप्रसारक सभा. दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. निबंध वाचणे आणि वाद घालणे एवढ्यावर ही मुले थांबली नाहीत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा उघडल्या आणि दादाभाई नौरोजींसारखे सभासद आपला वेळ मोडून तिथे शिकवू लागले. मुलींनी शिकावे की नाही यावर शहर अजून तावातावाने भांडत होते, त्या काळातली ही गोष्ट. त्यांना कोणी नेमले नव्हते आणि वर्गातला क्रमांक विचारून सभासदत्व दिले नव्हते.

विद्यार्थ्यांना आवरण्याचा अधिकाऱ्यांचा कलही जुनाच. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा फर्ग्युसनच्या वसतिगृहातल्या विनायक दामोदर सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. प्राचार्य होते रँग्लर परांजपे, स्वतः उदारमतवादी. प्राचार्याच्या खुर्चीत बसले की उदारमतवादालाही शिस्तीचे नियम आठवतात.

विद्यार्थ्यांचे राजकारण म्हटले की घोषणा, मोर्चे आणि देशाचे मोठे प्रश्न डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात त्याची सुरुवात फार वेळा जेवणाच्या ताटापासून होते. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात मेसचे बिल वाढले. मुले चिडली, मोडतोड झाली, आणि बघता बघता महागाईने गांजलेले सगळे गुजरात त्यांच्या मागे उभे राहिले. नवनिर्माण आंदोलन म्हणतात ते हेच. ९ फेब्रुवारी १९७४ ला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. गोव्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुले रस्त्यावर उतरली ती बसच्या तिकिटात निम्मी सवलत मिळावी म्हणून, आणि ती सवलत त्यांनी मिळवली. मराठी कादंबरीतही मेसचा हिशेब जुना आहे. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकरला पुण्याच्या होस्टेलात जगाची जी ओळख होते, तिच्यात मेसचा वाटा मोठा आहे.

मेसचे बिल, बसचा पास, ग्रंथालय किती वाजता बंद होते, पुनर्मूल्यांकनाची फी, शिष्यवृत्ती खात्यात कधी जमा होते, मुलींच्या होस्टेलचे फाटक किती वाजता लागते. कॉलेजच्या निवडणुकीचे खरे विषय हे. वरून किरकोळ दिसतात, पण ज्याला मेसच्या कंत्राटदाराकडून पावत्या मागता आल्या त्याला पुढे नगरपालिकेत बिल तपासताना भीती वाटत नाही.

दिल्लीतली दोन विद्यापीठे शेजारी ठेवून पाहिली तर निवडणूक कशी असू शकते आणि कशी होऊ शकते, दोन्ही दिसते.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि विद्यार्थी संघाची घटना विद्यार्थ्यांनीच लिहिली. निवडणूक घेणारा आयोगही विद्यार्थ्यांचा. अर्ज छाननी, मतपत्रिका, मोजणी, सारे त्यांच्याकडे. मतदानाच्या आधी एका रात्री अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा जाहीर वाद होतो, तो पाहायला इतर विद्यापीठांतली मुलेही येतात. मैदानात डफ वाजत असतात, प्रत्येक गट आपल्या घोषणा देत असतो, पण उमेदवार बोलायला उभा राहिला की मिनिटे मोजणारा आयोगाचा विद्यार्थी त्याला वेळ संपताच थांबवतो. मग उमेदवार एकमेकांना प्रश्न विचारतात आणि नंतर श्रोते. पॅलेस्टाइनपासून होस्टेलच्या गरम पाण्यापर्यंत काहीही विचारले जाते. उत्तर टाळणाऱ्याची हुर्यो होते. पहाट व्हायला आली तरी लोक बसलेले असतात. सीताराम येचुरी याच मैदानातून आले. १९७७ मध्ये, आणीबाणी उठल्यावर, ते विद्यार्थ्यांचा मोर्चा घेऊन इंदिरा गांधींच्या घरी गेले. बाई निवडणूक हरल्या होत्या, पण विद्यापीठाचे कुलपतिपद सोडलेले नव्हते. येचुरींनी त्यांच्यासमोर उभे राहून मागण्यांचे निवेदन वाचले. त्या छायाचित्रात इंदिराबाई ऐकत उभ्या आहेत. थोड्याच दिवसांत त्यांनी ते पद सोडले.

त्याच शहरात दिल्ली विद्यापीठ. तिथला विद्यार्थी संघ, डूसू, हा राजकारणाची नर्सरी म्हणून ओळखला जातो. अरुण जेटली १९७४ मध्ये त्याचे अध्यक्ष होते. पण तिथल्या निवडणुकीचा आकार कॉलेजचा राहिलेलाच नाही. २७ सप्टेंबर २०२४ ला डूसूचे मतदान झाले आणि मतमोजणी मात्र थांबली. शहराच्या भिंती, मेट्रोचे खांब, बसथांबे उमेदवारांच्या छापील फलकांनी इतके माखले होते की ते स्वच्छ होईपर्यंत निकाल लावायचा नाही असे दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले. जवळजवळ दोन महिने मतदान यंत्रे बंद राहिली. उमेदवार आणि त्यांचे समर्थक भिंती घासत फिरले आणि निकाल २५ नोव्हेंबरला लागला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने भिंती खराब न करण्याच्या हमीसाठी उमेदवाराकडून एक लाख रुपयांचे बंधपत्र मागितले. ज्या निवडणुकीत उमेदवाराने पाच हजारांहून जास्त खर्च करायचा नाही असा नियम आहे, तिथे हमी लाखाची.

हा पाच हजारांचा नियम लिंगडोह समितीचा. केरळातल्या एका खटल्यातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्र सरकारने डिसेंबर २००५ मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मे २००६ मध्ये अहवाल आला. त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, उज्जैनच्या माधव कॉलेजात विद्यार्थी निवडणुकीच्या वादात मारहाण झाली आणि प्राध्यापक एच. एस. सभरवाल यांचा मृत्यू झाला. २२ सप्टेंबरला न्यायालयाने समितीच्या शिफारशी देशभर लागू केल्या. सभरवाल खटला पुढे नागपूरला चालवला गेला आणि २००९ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले.

लिंगडोहांचा अहवाल वाचताना एक कडक पण समंजस मुख्याध्यापक बोलतो आहे असे वाटते. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळे दहा दिवसांत आटपा. सत्र सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्या. पदवीच्या विद्यार्थ्याचे वय सतरा ते बावीस, संशोधकाचे अठ्ठावीसपर्यंत. विषय राहिलेला नको, हजेरी पंच्याहत्तर टक्के हवी. पदाधिकारी व्हायला आयुष्यात एकच संधी. छापील फलक नाही, हाताने रंगवलेलेच, तेही ठरवलेल्या जागी. कॉलेजच्या पटावर नाव नसलेल्या कोणीही प्रचारात यायचे नाही. आणि निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला खर्च सादर करा.

यातला हाताने रंगवलेल्या फलकाचा नियम अनेकांना हास्यास्पद वाटला. तो तसा नाही. रंग आणि ब्रश घेऊन बसायला चार मित्र लागतात, रात्र लागते, सांगण्यासारखे काही तरी लागते. छापखान्याला फक्त पैसे लागतात. दिल्ली विद्यापीठात हा नियम कागदावर राहिला आणि तिथेच न्यायालयाला भिंती धुवायला लावाव्या लागल्या, यात योगायोग नाही. उलट जेएनयूत, जिथे हाताने रंगवलेल्या भित्तिचित्रांची रीत आधीपासून होती, तिथे लिंगडोहांचे वयाचे आणि एकाच संधीचे नियम नकोसे ठरले. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली निवडणूक थांबवली. ती २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली, काही नियम सैल करून घेतल्यावर. चांगली चाललेली निवडणूक नियमाने चार वर्षे थांबते आणि बिघडलेली चालू राहते, हेही या अहवालाच्या वाट्याला आले.

महाराष्ट्रात लिंगडोह आले तेव्हा इथे निवडणूकच नव्हती, त्यामुळे त्यांना काही करायला उरले नव्हते. दहा वर्षे गेली. डिसेंबर २०१६ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा मंजूर केला, १ मार्च २०१७ पासून तो लागू झाला. त्याचे कलम ९९ विद्यार्थी परिषदेविषयी आहे. त्यानुसार कॉलेजचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी, हे सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या थेट मतांनी निवडायचे. वर्गप्रतिनिधी वर्गाने निवडायचा. गुणांची अट गेली, मत परत आले. कायदा करणारे मंत्री विनोद तावडे स्वतः अखिल भारतीय विद्यार्थी परिषद या संघटनेतून वर आलेले. विधिमंडळाच्या दोन्ही बाजूंना कॉलेजात पॅनल बांधलेले, घोषणा दिलेले, फलक चिकटवलेले लोक बसले होते. ज्या शिडीने आपण चढलो ती नव्या मुलांसाठी पुन्हा लावून द्यावी, असे त्यांना वाटले असावे.

शिडी भिंतीला टेकली, पण पाय ठेवायची वेळ आली नाही. नियम व्हायला वेळ गेला. २०१९ च्या पावसाळ्यात निवडणुकीचे वेळापत्रक निघाले; पंचवीस वर्षांनी कॉलेजांत अर्ज, छाननी, माघार असे शब्द ऐकू येऊ लागले. तेवढ्यात विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्या आणि कॉलेजच्या पुढे ढकलल्या गेल्या. निवडणुकीमुळे निवडणूक होऊ शकत नाही, हे कारण विद्यार्थ्यांना सांगितले गेले आणि त्यांनी ते ऐकून घेतले. मार्च २०२० मध्ये कोरोनाने कॉलेजेच बंद केली. कॉलेजे उघडली, परीक्षा झाल्या, गॅदरिंगे झाली, रोझ डे आणि सारी डे झाले. निवडणुका झाल्या नाहीत.

मताशिवाय चालणाऱ्या विद्यापीठाची किंमत मधल्या काळात एकदा स्पष्ट दिसली. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे ठरवले. ते घाईघाईने, ऐन परीक्षेच्या तोंडावर. सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या होत्या. प्राध्यापकांना प्रणाली नवी, काही उत्तरपत्रिका दुसऱ्याच विषयाच्या परीक्षकासमोर उघडायच्या, काही सापडायच्याच नाहीत. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळालेली मुले निकालाच्या कागदासाठी कालिना संकुलात खेटे घालत होती. अखेर ऑक्टोबरात कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केले गेले. या सगळ्या महिन्यांत संघटनांचे मोर्चे निघाले, पक्षांची निवेदने आली, न्यायालयात याचिका गेल्या. फक्त एक माणूस कुठे नव्हता: ज्याला या लाखो मुलांनी मत देऊन ‘आमच्या वतीने विचार’ असे सांगितले होते असा. एप्रिलमध्येच कोणी तरी उठून ‘ही प्रणाली आधी एका विषयावर वापरून पाहा’ म्हणायला हवे होते, आणि ते म्हणायला अधिकाराची जागा लागते.

असे नाही की विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, कोणीच निवडून जात नाही. जातात. पदवीधरांच्या दहा जागा आहेत, आणि त्यांच्यासाठी होणारी चुरस पाहिली की कोणाला काय हवे आहे ते कळते. मुंबई विद्यापीठात ही निवडणूक २०२३ मध्ये स्थगित झाली. २०२४ च्या सप्टेंबरात मतदानाच्या आदल्या दिवशी पुन्हा थांबवली गेली. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला, २४ सप्टेंबरला मतदान झाले आणि २७ ला मोजणी होऊन दहाच्या दहा जागा ठाकरे गटाच्या युवासेनेने जिंकल्या. ज्या दिवशी दिल्लीत डूसूसाठी मुले रांगेत उभी होती तोच हा मोजणीचा दिवस. पण मुंबईतल्या रांगेत कॉलेज सोडून गेलेले लोक होते. आज वर्गात बसणाऱ्याला त्या रांगेत जागा नव्हती.

काही ठिकाणी मात्र मत जिवंत राहिले. राज्य विद्यापीठांच्या कायद्याबाहेर असलेल्या संस्थांत, पवईच्या आयआयटीत, देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत, पुण्याच्या एफटीआयआयमध्ये विद्यार्थी आपले प्रतिनिधी निवडत आले. २०१५ मध्ये अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध एफटीआयआयचे विद्यार्थी १३९ दिवस संपावर होते. मागणी मान्य झाली नाही, पण वाटाघाटीला कोणी जायचे, संप कधी मागे घ्यायचा हे ठरवणारी संघटना त्यांच्यापाशी होती. उलट ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातच शास्त्री रस्त्यावर स्पर्धा परीक्षांची मुले बसली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आल्या होत्या. परीक्षा पुढे गेली, त्यांचा मुद्दा रास्त होता. पण त्या दोन दिवसांत ज्याच्या हाती माइक आला तो पुढारी झाला, आणि माइक बहुतेक वेळा पाहुण्यांच्या हाती होता.

निवडणुका पुन्हा सुरू झाल्या तर काय होईल? जुन्या काळच्या आठवणींत रमणाऱ्यांनी फार हुरळून जाऊ नये. फोनवरचे गट आहेत, पडद्यावर फिरणाऱ्या चित्रफिती आहेत, गल्लीतल्या नगरसेवकाची गाडी आहे, जातीचे आणि गावाचे गठ्ठे आहेत. पाच हजारांच्या मर्यादेतला खर्च डोळ्यांना दिसेल, न दिसणारा वेगळा असेल. सत्र पद्धतीमुळे मुलांना श्वास घ्यायला वेळ नाही, आणि अनेक कॉलेजांत मुले वर्गातच नसतात, क्लासमध्ये असतात. पहिल्या दोन-तीन निवडणुका वाईट होतील. भांडणे होतील, कुठे तरी काचा फुटतील आणि वर्तमानपत्रे ‘बंदीच बरी होती’ असे अग्रलेख लिहितील. या प्रस्तावनेचा कौल तरीही मताच्या बाजूने आहे. तीस वर्षे जे शिकवले नाही ते पहिल्या वर्षी येत नाही, आणि ते शिकवायची जागा पंचायत किंवा विधानसभा नव्हे. तिथे चूक झाली तर गाव किंमत मोजते. कॉलेजात चूक झाली तर एका वर्षाचे गॅदरिंग बिघडते.

जाता जाता वाचकांकडे एक मागणे आहे. या विषयाची कागदपत्रे फार झपाट्याने नाहीशी होत आहेत. सायक्लोस्टाइलची शाई तीस-चाळीस वर्षांत फिकी पडते, वर्तमानपत्रावर रंगवलेले फलक तर निकालाच्या रात्रीच टपरीच्या छपरावर गेले. तुम्ही कधी जीएस, यूआर किंवा नुसते पडलेले उमेदवार असाल, आणि माळ्यावरच्या ट्रंकेत एखादे पत्रक, बिल्ला, पॅनलचा फोटो किंवा टपरीवाल्याच्या वहीतले फाडलेले पान असेल, तर ते रद्दीत घालू नका. मागे पेन्सिलीने साल आणि कॉलेजचे नाव लिहा आणि कॉलेजच्या ग्रंथपालांकडे नेऊन द्या.